एक तृतीयांशावरून रीतसर कसं भांडावं

संभाव्यतेचं कोडं एकट्यानं सोडवणं म्हणजे ते वाया घालवणं. त्याला किमान चार माणसं लागतात, त्यांत एक तरी न ऐकणारा. कोल्हापुरात ही सामग्री कुठल्याही पेठेत मिळते. शिवाय जयंत नारळीकर जन्मले इथंच, 1938 साली. हे सुरुवातीलाच एकदा म्हणून घ्यावं. त्यानं कुणाचंच उत्तर बरोबर ठरत नाही, पण आवाज चढवायला आधार मिळतो.

जागा नीट निवडावी. रंकाळ्यावर नको, वाऱ्यानं मुद्दा थंड होतो. मिसळीपुढंही नको, कट चढला की माणूस पाण्याला हात घालतो, पेन्सिलीला नाही. रात्री गंगावेशीत, जिथं डोळ्यांदेखत म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, तिथं थांबावं. पेल्यातला फेस बसेपर्यंत कुणी हलत नाही.

आता कोडं. जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञानं 1889 साली ते तीन पेट्या आणि सोन्याचांदीची नाणी घेऊन मांडलं. इथं सोनं टाळावं, नाहीतर चर्चा गुजरीतल्या भावावर जाते. आपण पायताणं घेऊ. चप्पल लाइनीतल्या एका दुकानात तीन खोकी आहेत: एकात दोन्ही डावी, दुसऱ्यात दोन्ही उजवी, तिसऱ्यात एक डावं, एक उजवं. डोळे मिटून खोकं निवडलं, न बघता त्यातलं एक पायताण काढलं. निघालं डावं. आत उरलेलं उजवं असण्याची शक्यता किती?

पहिला गडी लगेच उसळतो. "निम्मी की लगा! दोन्ही उजव्यांचं खोकं गेलं, राहिली दोन. निम्मं-निम्मं, विषय संपला!" त्याला लगेच खोडू नये. तो गप्प बसला तर सगळे साडेनऊला घरी जातील.

दुसरा मोजणारा. एकूण पायताणं 6, त्यांत डावी 3. हातात आलेलं या तिघांपैकी कुठलंही असू शकतं. दोघांच्या सोबतीला डावंच आहे, उजवं फक्त एकाच्या. म्हणजे एक तृतीयांश. पहिला खोकी मोजत होता, मोजायची होती पायताणं.

तिसऱ्या हायस्कुलातल्या गणिताच्या बाई. "थांबा, मी सांगतो. मोजत कशाला बसलाय? तिनांतली दोन खोकी एकाच पायाची. हातात डावं येऊ दे नाहीतर उजवं, आतलं त्याच पायाचं असायची शक्यता दोन तृतीयांश. उरलं काय?" माझ्या मते ही सर्वांत देखणी वाट. घाम न गाळता उत्तर येतं, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही.

चौथा इंजिनिअरिंगचा पोरगा. तो थॉमस बेझचं सूत्र काढतो, जे बेझ वारल्यावर दोन वर्षांनी, 1763 साली छापून आलं. अर्धा गुणिले एक तृतीयांश, भागिले अर्धा. पुन्हा एक तृतीयांश.

तिघांचं उत्तर जुळलं की नवशिके पेला ठेवून निघतात. तसं करू नये. खरं भांडण इथून: बरोबर रीत कुणाची? पोरानं मोजणाऱ्याला म्हणावं, "तुमचं नशिबानं आलं." मोजणाऱ्यानं विचारावं, "सूत्रातला तो अर्धा आला कुठनं, सांग की!" बाईंनी दोघांनाही लांबचा रस्ता धरल्याबद्दल झापावं.

कुणीतरी प्रयोगाचं काढेलच. दुकानदार पायताणांना हात लावू देणार नाही, तेव्हा चिठ्ठ्या कराव्यात. या वाटेला हसू नये. 1990 साली अमेरिकेत तीन दारांचं असंच कोडं गाजलं. मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी स्तंभात बरोबर उत्तर दिलं, तर सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेक त्यांनाच चुकीचं ठरवणारी. पॉल एर्डिशसारखा गणितज्ञही संगणकावर प्रयोग पाहीपर्यंत मानेना. मात्र डावं निघालेल्या शंभर खेपांत उजवं नेमकं 33 वेळाच येईल असं नाही. 38 वेळा आलं की पहिला गडी पुन्हा उठून बसतो.

एक ताकीद. कोड्यातलं 'न बघता' कुणाला गाळू देऊ नये. दुकानदारानं आत डोकावून, डावं असेल तर डावंच काढायचं ठरवलं, तर दोन्ही डाव्यांचं खोकं आणि मिश्र खोकं दोन्ही हमखास डावंच दाखवतील, आणि उत्तर खरोखर निम्मं येईल. हा मुद्दा पहिल्या गड्यासाठी राखून ठेवावा, आणि दुधाचे पैसे द्यायची वेळ आली की त्याच्या कानात सांगावा.