सन्माननीय सदस्यांची गुणवत्ता यादी

विधिमंडळात शिक्षणावर चर्चा कधी आहे, हे कामकाजाची पत्रिका न बघताही कळतं. बाकं रिकामी असतात, उपाहारगृह भरलेलं असतं आणि बोलणारे सदस्य 'अध्यक्ष महोदय, हा सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे' हे सर्वांच्या गैरहजेरीत सांगत असतात. याला अपवाद एकच, प्रवेशाचा. प्रवेशाचा विषय निघाला की गणपूर्तीची घंटा वाजवावी लागत नाही. लक्षवेधी सूचनेवर उपप्रश्न विचारायला दोन्ही बाजूंचे हात वर असतात आणि पीठासीन अधिकाऱ्यांना 'बसा, बसा' म्हणण्यापलीकडे काम उरत नाही. कारण उघड आहे. शिक्षण घटनेच्या समवर्ती सूचीत असलं तरी प्रवेश हा मतदारसंघाच्या सूचीत आहे.

पावसाळी अधिवेशन आणि प्रवेशाचा हंगाम एकाच वेळी येतो, हा योगायोग कुणी घडवून आणला असेल त्याला दाद दिली पाहिजे. सकाळी आमदार निवासात पीए शिफारसपत्रांचा गठ्ठा सहीला ठेवतो. 'पत्रवाहक माझ्या चांगल्या परिचयातील असून होतकरू आहे, तरी त्याच्या प्रवेशाबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' होतकरूचं नाव पेनाने भरायची जागा कोरी असते. दुपारी त्याच हाताने सभागृहात बाक वाजतं आणि गुणवत्तेशी तडजोड खपवून घेतली जाणार नाही, असा इशारा सरकारला दिला जातो.

चर्चेची बांधणीही ठरलेली. पहिले सन्माननीय सदस्य राज्य मंडळाच्या मुलांवर होणाऱ्या अन्यायावर बोलतात. त्यांची स्वतःची नातवंडं आयसीएसईत असल्यामुळे त्यांना या प्रश्नाकडे अलिप्तपणे बघता येतं. दुसरे आपल्या विभागावरच्या अन्यायावर बोलतात. तिसरे हरकतीचा मुद्दा उपस्थित करतात आणि हरकत नेमकी कशाला, हे सांगेपर्यंत त्यांची वेळ संपते. चौथे दोन अभियांत्रिकी, एक फार्मसी आणि एका नर्सिंग महाविद्यालयाचे संस्थापक-अध्यक्ष असतात. शिक्षणाचा बाजार मांडला गेला आहे, असं ते कळवळून सांगतात. या विषयातला त्यांचा अधिकार सभागृहात कुणीही नाकारत नाही.

मग मंत्री उठतात. अधिकाऱ्यांच्या दालनातून चिठ्ठी येते, ती उलटसुलट करून वाचली जाते. 'शासन याबाबत सकारात्मक आहे. सन्माननीय सदस्यांच्या भावना तपासून घेतल्या जातील. गरज भासल्यास समिती नेमली जाईल.' विरोधकांचं समाधान होत नाही. ते सभात्याग करून पायऱ्यांवर जातात, तिथे कॅमेरे असतात.

या मंथनातून सरकारांनी आजवर जी रत्नं बाहेर काढली, त्यांची उजळणी पालकांनी एकदा करावी. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुलं मागे पडतात म्हणून २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २००९ मध्ये नव्वद-दहा आलं, म्हणजे नव्वद टक्के जागा राज्य मंडळाला आणि उरलेल्या इतरांना. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरात होती, हा निव्वळ योगायोग. तेही रद्द झालं. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, म्हणजे सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून वगळायचा. हे उच्च न्यायालयात पडलं आणि सर्वोच्च न्यायालयात तरलं. सरकारला ही कल्पना स्वतःसाठी कशी सुचली नाही, याचं आश्चर्य वाटतं. दरवर्षी सर्वांत ढ खातं वगळून कामगिरी मोजली असती, तर प्रत्येक सरकार विशेष प्रावीण्यात आलं असतं. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी स्वतंत्र सीईटी जाहीर झाली. ती २१ ऑगस्टला व्हायची होती, १० ऑगस्टला न्यायालयाने रद्द केली. जूनमध्ये निर्णय, जुलैत याचिका आणि ऑगस्ट उजाडला तरी वर्ग नाहीत, हे आपलं खरं शैक्षणिक वेळापत्रक आहे.

२०२५ मध्ये राज्यभर एकच ऑनलाइन अकरावी प्रवेश करायचं ठरलं. २१ मे रोजी संकेतस्थळ खुलं होणार होतं. ते खुलं झालं आणि लगेच झोपलं. २६ तारखेला परत उठवावं लागलं. त्या वर्षी दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता. शंभरपैकी शंभर टक्के मिळवणारी मुलं २११ होती, अर्थात कला-क्रीडेचे सवलतीचे गुण धरून, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक एकट्या लातूर विभागातली. गुणांची एवढी समृद्धी असताना गुणवत्ता खालावल्याची चर्चा करायला सभागृहातच बसावं लागतं.

अभियांत्रिकीची गोष्ट थोडक्यात. राज्याची सीईटी होती. २०१४ मध्ये ती बाजूला सारून केंद्राची जेईई मेन आणली, बारावीच्या गुणांनाही निम्मं वजन दिलं. २०१६ मध्ये जेईई बाजूला सारून सीईटी परत आणली. क्लासवाल्यांनी दोन्ही वेळा पाटी बदलली. फी मात्र कुठल्याच पाटीखाली उतरली नाही. २०२५ च्या सीईटीत गणिताच्या एका सत्रात पन्नासपैकी एकवीस प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि सुमारे २७ हजार मुलांना फेरपरीक्षेला बसावं लागलं. प्रश्नाला जुळणारं उत्तर उपलब्धच नाही, या स्थितीची तारांकित प्रश्नोत्तरांमुळे आपल्या राज्याला सवय आहे, म्हणून फारशी खळबळ माजली नाही.

वैद्यकीयला सत्तर-तीस होतं. आपल्या विभागातल्या मुलांना सत्तर टक्के जागा, बाहेरच्यांना तीस. पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईत महाविद्यालयं पुष्कळ, मराठवाड्यात मोजकी. त्यामुळे औरंगाबाद-लातूरच्या मुलाला पुण्याच्या मुलापेक्षा जास्त गुण असूनही घरी बसावं लागे. हा अन्याय खरा होता आणि त्यावर वर्षानुवर्षं घसे कोरडे झाले. सप्टेंबर २०२० मध्ये मंत्र्यांनी विधिमंडळातच ही पद्धत रद्द झाल्याची घोषणा केली. त्या बाबतीत सभागृहाने स्वतःचं काम केलं, हे नोंदवलं पाहिजे. नाहीतर स्तंभलेखक फक्त शिव्या घालतात, असा आक्षेप येतो.

गुणांना या राज्याच्या राजकारणात एके काळी भलतंच वजन होतं. मुलीच्या एम. डी. परीक्षेच्या गुणांत फेरफार झाल्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने ताशेरे मारले आणि १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना राजीनामा द्यावा लागला. एका उत्तरपत्रिकेवरून मुख्यमंत्री जातो, हे आजच्या मुलांना पौराणिक कथेसारखं वाटेल. आता असली जोखीम घ्यायचं कारणच उरलेलं नाही. गुण वर नेण्यापेक्षा रेषा खाली आणणं सोपं. २०२३ मध्ये केंद्राने वैद्यकीय पदव्युत्तर नीटची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे परीक्षेला बसलेला कुणीच अपात्र राहिला नाही. जागा रिकाम्या राहत होत्या. त्यांतल्या कोणत्या रिकाम्या राहतात आणि त्यांची फी किती असते, हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ठाऊक आहेच.

पण मला सर्वांत लोभस वाटली ती २०२४ ची बीबीए-बीसीए-बीएमएसची कथा. हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या छत्राखाली आले आणि राज्याने त्यांना सीईटी सक्तीची केली. परीक्षा कशासाठी घेतात? जागा थोड्या आणि येणारे फार, म्हणून. इथे जागा लाखाच्या घरात आणि परीक्षा दिलेले त्याच्या निम्म्याच्या आसपास. शंभर खुर्च्या, पन्नास माणसं, आणि त्या पन्नासांपैकी खुर्चीच्या लायकीचं कोण, हे ठरवायला संगणकावर परीक्षा. अनेक मुलांना बारावीचा निकाल हातात येईपर्यंत अशी काही परीक्षा होऊन गेली, याचा पत्ताच नव्हता. मग दुसरी सीईटी घ्यावी लागली. तोवर काही महाविद्यालयांनी नामी तोड काढली. अभ्यासक्रमाचं नावच बदललं! बीएमएस गेलं, त्याच्या जागी 'बी. कॉम., व्यवस्थापन' या धाटणीचं काहीतरी आलं. तोच वर्ग, तेच बाक, तीच नोटशीट, वेगळा फलक. सीईटी लागू नाही. एका विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षं लढा चाललेला आपण पाहिला आहे. हे नामांतर एका फ्लेक्समध्ये आटोपलं.

एवढा सगळा खटाटोप दारातला. आत काय आहे? लग्नात मानपानावरून वऱ्हाड दारातच अडून बसावं आणि आचारी आलाच नाही, हे कुणी सांगायचं यावरून आत कुजबुज चालावी, तशी आपल्या महाविद्यालयांची गत आहे. पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. २०२१ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतली २,०८८ पदं भरायला शासनाने मान्यता दिली, तेव्हा पेढे वाटले गेले; मान्यता आणि नेमणूक यांत वित्त विभाग नावाचा घाट असतो, हे पेढे संपल्यावर लक्षात आलं. तोवर वर्ग चालवतो तो तासिका तत्त्वावरचा मास्तर. त्याच्याकडे नेट असतं, सेट असतं, पीएच. डी. असते आणि फटफटी असते. सकाळी एका तालुक्याच्या गावी, दुपारी दुसऱ्या. त्याला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, तेही कुलगुरूंच्या निवडीपेक्षा सावकाश. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचं तत्त्व तेवढं उरतं. या माणसावर लक्षवेधी लागली की सभागृहात उरतात ते शिक्षक मतदारसंघाचे आमदार आणि लघुलेखक.

कुलगुरूंची निवड हा मात्र आवडीचा विषय. डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मांडली गेली: उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती होणार, आणि कुलगुरूपदासाठी सरकार राज्यपालांना दोनच नावं पाठवणार. गदारोळात, आवाजी मतदानाने ती मंजूर झाली. सरकार बदललं, नव्या सरकारने ती मागे घेतली. त्याआधी २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची घाई झाली, निकाल महिनोन् महिने लटकले आणि कुलगुरूंना ऑक्टोबरात जावं लागलं. तेव्हाही सभागृह तापलं होतं. निकाल वेळेवर लागावा म्हणून कामकाज दिवसभरासाठी तहकूब करण्याची आपली पद्धत आहे.

प्रवेशावर बोलायला सगळे आणि मास्तरांवर बोलायला कुणी नाही, याचं मूळ शोधायला फार खणावं लागत नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. हेतू चांगला होता, मुलं कर्नाटकात जात होती. साखर कारखान्याच्या शेजारी कॉलेज उभं राहिलं. पुढे कारखाना आजारी पडला आणि कॉलेजने बाळसं धरलं. देणगीवर बंदी घालणारा कायदा १९८७ चा, प्रवेश आणि शुल्कावर नियंत्रण ठेवणारा २०१५ चा. दोन्ही कायदे ज्या सभागृहात मंजूर झाले, तिथल्या कित्येक बाकांना संस्थाचालकांची ऊब होती. प्रवेश म्हणजे जमेची बाजू आणि प्राध्यापक म्हणजे खर्चाची. कुठल्या बाजूवर सदस्यांनी पोटतिडकीने बोलावं?

जे सदस्य सतरा वर्षांच्या पोरांना कटऑफ लावतात, त्यांच्या स्वतःच्या प्रवेशाची अर्हता काय? विधानसभेला वय पंचवीस, परिषदेला तीस. शिक्षणाची अट नाही, आणि नसावीच. लोकशाहीत मतदार हीच प्रवेश परीक्षा, हे मान्य. पण एक नियम मुद्दाम सांगतो, कारण भल्याभल्यांना तो थट्टा वाटतो. विधान परिषदेत पदवीधरांचे सात मतदारसंघ आहेत. तिथे मत द्यायला पदवी लागते, तीही किमान तीन वर्षांपूर्वीची. उमेदवाराला पदवी लागत नाही. शिक्षक मतदारसंघात उमेदवार शिक्षक असावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच हे स्पष्ट केलेलं आहे.

तेव्हा पदवीधर वाचकहो, यादीत नाव घाला. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, जुन्या यादीतलं नाव चालत नाही. नमुना १८ भरा, पदवीची साक्षांकित प्रत जोडा. उमेदवार दारात आला की त्याचं शिक्षण विचारू नका, ते लागत नाही. त्याच्या संस्थेच्या महाविद्यालयात पूर्णवेळ मास्तर किती आणि त्यांना मागच्या महिन्याचा पगार कधी मिळाला, एवढंच विचारा. 'तपासून घेतो' म्हणाला, तर उत्तर लेखी मागा.