पास आहे का?

देहूरोडच्या दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक आप्पा असतात. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं दादा, पण खूण एकच. हा माणूस घरातल्या वायफायवर पहारा देतो. नळाला मोटार कोण लावतंय आणि जिन्यातला दिवा दिवसा कुणी चालू ठेवलाय, याचा छडा लावण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना निवृत्तीनंतर हे नवं खातं मिळालंय. मोटारीचा निदान आवाज तरी येतो. इथं माल भिंतीतून जातो आणि आवाज नाही.

आमचे आप्पा लष्कराच्या डेपोतून निवृत्त झालेले. तिथला रिवाज असा की गेटवर पास दाखवायचा, गेटवर झडती द्यायची, काडेपेटी गेटवर जमा करायची. जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा. अशा शिस्तीत जन्म गेलेल्या माणसाच्या घरी मुलानं एक दिवस राउटर आणून बसवला आणि कौतुकानं सांगितलं, ''आप्पा, याची रेंज पार समोरच्या बिल्डिंगपर्यंत जाते.''

आप्पांनी चष्मा काढला. ''म्हणजे याला कंपाउंड नाही?''

त्या दिवसापासून आप्पा ड्यूटीवर आहेत.

पहाटे लोणावळ्याची लोकल गेली की आप्पा उठतात आणि दात घासायच्या आधी राउटरसमोर उभे राहतात. दिवे लुकलुकत असतात. ''घरातले सगळे झोपलेत, फोन कुणाच्या हातात नाही, मग हा दिवा कुणासाठी पळतोय?'' फोन झोपलेला असला तरी आतल्या आत अपडेट घेत असतो, टीव्ही बंद दिसला तरी पूर्ण बंद नसतो, हे मुलानं खूपदा सांगून झालंय. आप्पांचं उत्तर ठरलेलं. ''असेल. पण नोंद कुठंय?'' स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, ''त्या दिव्यावर ठेवता तेवढं लक्ष गॅसवर ठेवा, दूध चाललंय.''

नोंद हा आप्पांचा प्राण आहे. त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याचं एक लांबडं रजिस्टर आहे. रकाने स्वतः पट्टीनं आखलेले. तारीख, वेळ, नाव, कुणाकडे आले, उपकरण, सही. पाहुणा पाणी पिऊन ग्लास खाली ठेवतो न ठेवतो तोच प्रश्न येतो, ''नेट लागणार आहे का? मग इथं सही करा.'' मुलगी बघायला आलेल्या मंडळींकडूनही त्यांनी सह्या घेतल्या होत्या. ती सोयरीक जुळली. आप्पा म्हणतात, ''माणसं सरळ आहेत हे मला सहीवरूनच कळलं होतं.''

पुढं कुणीतरी त्यांना सांगितलं की प्रत्येक फोनला बारा अक्षर-आकड्यांचा स्वतःचा एक पत्ता असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात, आणि राउटरला तशी यादी दिली की यादीबाहेरच्याला तो आत घेत नाही. आप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. पास! इतक्या वर्षांनी पुन्हा पास! भिंगातून बघत त्यांनी घरातल्या एकूण एक उपकरणाचा पत्ता रजिस्टरात उतरवला. मग त्याच उत्साहात नेटवर्कचं नावही बदललं. आधीचं कंपनीनं दिलेलं होतं, आप्पांनी ठेवलं 'फुकट नाही'.

दुसऱ्या दिवशी घरातला एकही फोन चालेना. राउटरच्या पडद्यावर दारात ताटकळलेले सगळे पत्ते अनोळखी. ''रातोरात टोळी आली,'' आप्पा म्हणाले. टोळीत सूनबाई होत्या, नातू होता आणि खुद्द आप्पा होते. आताचे फोन आपला खरा पत्ता सांगतच नाहीत. दर नेटवर्कला एक वेगळा बनावट पत्ता देतात, आणि नेटवर्कचं नाव बदललं की तोही बदलतो. दुकानात, स्टेशनात कुणी पाळत ठेवू नये म्हणून केलेली ही सोय. आप्पांना ती मुळीच पटली नाही. ''खोटं नाव सांगून आत यायचं? आमच्याकडे असल्याला बसवून ठेवायचे!''

लोक हसतात, पण आप्पांची धास्ती हवेतली नाही. रजिस्टराच्या पहिल्या पानाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक जुनं कात्रण टाचलेलं आहे. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वाहिन्यांना धमकीची ईमेल गेली होती. तिचा माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या फ्लॅटवर. ईमेल त्याच्या वायफायवरून गेली होती. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं नेटवर्क असंच वापरलं गेलं, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं. मग जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यानं हिंडून उघडी नेटवर्कं शोधून काढायचं ठरवलं. आप्पा हे कात्रण प्रत्येकाला वाचायला लावतात आणि वाचून झालं की एवढंच म्हणतात, ''पोलीस चोराच्या दारात येत नाहीत. राउटरच्या दारात येतात.'' यावर बोलायला काही उरत नाही.

तर रात्री जेवण झालं की आप्पा हातात फोन धरून हद्द मोजायला निघतात. आमची गल्ली अशा जागी आहे की अलीकडे कँटोन्मेंट आणि चार घरं पलीकडे किवळे-विकासनगर, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका. आप्पा एकेक पाऊल टाकत जातात, पडद्यावरच्या काड्या मोजतात आणि पलीकडच्या पानटपरीपाशी थांबून जाहीर करतात, ''सिग्नल कँटोन्मेंटातून महापालिकेत चाललाय! जकात उठली म्हणून काय झालं?''

तो थोपवायला त्यांनी एकदा राउटर पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवला. सिग्नल थांबला. घरातलाही थांबला. मग कुणी सुचवलं, की पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा, तो भिंतींत लवकर दमतो, अडीचच्या आतला जुना पट्टा लांब जातो. हे त्यांना मानवलं. नंतर नेटवर्कचं नावच लपवून पाहिलं, पण नाव लपवलं की आपलेच फोन त्या नावानं हाका मारत हिंडतात आणि ऐकणाऱ्याला ते कळतंच. आप्पांनी नाव पुन्हा पाटीवर आणलं.

पासवर्ड एकादशीला बदलतो. देहू हाकेच्या अंतरावर, घरात माळ, त्यामुळे दुसरा मुहूर्त त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. एकादशीला आमच्या आप्पांच्या घरी दोन उपवास असतात, एक पोटाचा आणि एक नेटचा. सकाळपासून टीव्ही रुसलेला, दारावरचा कॅमेरा आंधळा, आणि हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करणारा मुलगा ऐन मीटिंगमध्ये गायब. ''आप्पा, दर पंधरवड्याला बदलायची गरज नसते, एकदाच लांबलचक ठेवायचा,'' असं तो कळवळून सांगतो. आप्पा म्हणतात, ''पहारा एकदाच देऊन चालतो का?''

एवढी खबरदारी घेऊन ठेवलेला पासवर्ड काय, तर विठ्ठल१२३. पुढच्या एकादशीला विठ्ठल१२४. नातवाच्या अख्ख्या क्रिकेट टीमला पंचांग पाठ झालं होतं. पोरं जिन्यात बसून हिशेब करायची, ''आषाढी झाली, म्हणजे आज १३१!''

आप्पांचा संशय मात्र पोरांवर नव्हता. तो होता तळमजल्यावरच्या खोलीत राहणाऱ्या तिघांवर. चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाणारी, कंपनीच्या बसनं येणारी-जाणारी मराठवाड्याकडची पोरं. ''रात्रपाळी करून आलेला माणूस झोपेल का फोनवर हसत बसेल? नेट येतं कुठून यांना?'' शेवटी एका रविवारी आप्पांनी त्यांतल्या एकाला चहाला म्हणून वर बोलावलं आणि चौकशी सुरू केली.

पोरगा कंपनीत मशीनच्या नेटवर्कचंच काम बघणारा निघाला. त्यानं निमूट सही केली, चहा घेतला आणि विचारलं, ''काका, राउटरच्या आतला पासवर्ड काय ठेवलाय?'' आप्पांना आत आणि बाहेर असे दोन पासवर्ड असतात हेच ठाऊक नव्हतं. आतला होता ॲडमिन. वापरणाऱ्याचं नावही ॲडमिन. कारखान्यातून आला तसाच. मग पोरानं राउटर उलटा करून खालच्या चिठ्ठीवरचा आठ आकडी नंबर दाखवला. डब्ल्यूपीएस म्हणून एक सोय असते, बटण दाबलं की जोडणी, तिचा हा नंबर. आठ आकडी म्हणजे कोट्यवधी जुळण्या वाटतात. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो, त्यामुळे फार तर ११,००० वेळा प्रयत्न केला की दार उघडतं. हे २०११ मध्येच उघडकीला आलंय.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''म्हणजे मी गेटवर उभा आणि मागची भिंत पडलेली.''

अर्ध्या तासात पोरानं डब्ल्यूपीएस बंद केलं, आतला पासवर्ड बदलला, राउटरची अपडेट घातली, सुरक्षेच्या खान्यात डब्ल्यूपीए-३ निवडलं आणि जुन्या टीव्हीसाठी डब्ल्यूपीए-२ची मुभा ठेवली. बाहेरचा पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा करायला सांगितलं. आप्पांनी सगळ्यांना बाहेर घालवून तो टाकला. त्यात थालीपीठ आहे एवढं काकूंना कळलंय, कारण टाकताना ते पुटपुटत होते. शेवटी पोरानं पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून दिलं. त्यावरून नेट चालतं, पण घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. आप्पांचा चेहरा उजळला. ''व्हिजिटर रूम!''

जाताना त्यांनी विचारलंच, ''तुम्ही नेट कुठलं वापरता?'' पोरगा म्हणाला, ''फोनचंच, काका. महिना संपत आला की संपतं.'' आप्पांनी रजिस्टर उघडलं, तिघांची नावं घातली, 'उपकरण' रकान्यात 'फोन, ३' लिहिलं आणि पाहुण्यांचा पासवर्ड स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून दिला. वरून दमही दिला, ''मागून घेतलंत तर घर तुमचं. न विचारता घेतलंत तर गाठ माझ्याशी.''

आणि २५ डिसेंबर. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणून त्या दिवशी गावोगावची माणसं विहाराकडे येतात. गेल्या खेपेला गर्दीत चुकामूक झालेलं एक कुटुंब आमच्या गल्लीत फोन हातात धरून उभं होतं. रेंज नव्हती. आप्पांनी त्यांना ओट्यावर बसवलं, काकूंनी पाणी दिलं, पाहुण्यांच्या नेटवर्कवरून फोन लागला, हरवलेले काका सापडले. निघताना आजीबाईंनी विचारलं, ''दादा, पैसे किती?''

''पैसे नकोत. सही करा.''

''अंगठा चालेल?''

आप्पांनी शाईचं पॅड आणलं. ते त्यांच्याकडे होतंच.

तुमच्या घरी असे आप्पा असतील तर त्यांना हसून घ्या, पण हसून झाल्यावर उठा आणि तुमच्या राउटरचा आतला पासवर्ड अजून ॲडमिनच आहे का, ते आजच बघा. आणि आमच्या आप्पांकडे कधी नेट मागायला गेलात तर स्वतःचं पेन न्या. दिलेलं पेन परत येत नाही, याचीही त्यांच्याकडे नोंद आहे.