समस्या सोडवा, पण शिस्तीत
राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या ‘थेट मुलाखती’ला निघालेल्या नर्सताईंनो, ‘अडचण कशी सोडवलीत?’ याचं खरं उत्तर देऊ नका. रात्रपाळीत एका खाटेवर दोन पेशंट, सलाईनचा स्टँड नाही, म्हणून बाटली खिडकीच्या गजाला गॉजपट्टीने बांधली, असं सांगितलंत की साहेब चष्म्यावरून बघतील: ‘वरिष्ठांची परवानगी घेतली होती?’ त्यापेक्षा यूट्यूबवरून पाठ केलेलं ‘परिस्थिती, जबाबदारी, कृती, फलित’ घडाघडा म्हणा. मध्ये दोनतीनदा ‘टीमवर्क’ पेरा, माना डोलतात. स्टँड मुळात का नव्हता, हे कुणी विचारणार नाही. (तो प्रश्न खरेदी विभागाचा, आणि खरेदी विभागाची मुलाखत कुणी घेत नाही.) अभियान २००५ पासून (आधी ‘ग्रामीण’ म्हणून) चालू आहे, नेमणुका अजूनही कंत्राटीच.