ईशान्येचा उतार

परभणीच्या काळ्या रानात मे महिन्यात अशा भेगा पडतात की त्यात गेलेला चेंडू गेलाच म्हणायचं. या मातीवर घर बांधू नये, बांधायचंच तर मुरूम लागेपर्यंत खणावं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला तर विशेष ठाऊक होतं. अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि आमच्या घरी वरणभाताबरोबर पाया हाच विषय वाढला जायचा. अशा घरात वाढलेल्या माणसानं कॅनडात, विनिपेगला घर घेतलं. घेताना ओटा किती लांब, गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतात का, हे सगळं विचारलं. खाली माती कसली आहे, एवढंच विचारलं नाही. चार महिने बर्फ पाहिला की खाली मातीच नसेल असं वाटायला लागतं.

माती होती. हिमयुगाच्या अखेरीस या भागात अगासिझ नावाचं सरोवर पसरलं होतं. आजची पाचही महासरोवरं एकत्र केली तरी त्याच्यापुढे लहान पडतील एवढं. त्याच्या तळाशी बसलेला गाळ म्हणजे विनिपेगची चिकणमाती. कितीतरी मीटर जाड, पाणी प्यायली की फुगणारी, वाळली की आकसणारी. म्हणजे आमचंच काळं रान. व्हिसाच्या रांगेत उभं राहून, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून, तीस वर्षांचं कर्ज काढून मी पुन्हा त्याच मातीवर येऊन बसलो होतो.

घर शंभरेक वर्षांचं. दारासमोर एल्मचं डेरेदार झाड, ते पाहूनच आम्ही भाळलो. हे झाड उन्हाळाभर पायाखालचं पाणी ओढून घेतं, माती आकसते आणि घर तिच्यामागून खाली जातं, ही माहिती झाडावर लिहिलेली नसते. झाड रस्त्याकडेचं, म्हणजे महापालिकेचं. कापायची सोय नाही.

दिवाळीला सासूबाई पुण्याहून आल्या. फराळाच्या ताटातून बेसनाचा एक लाडू खाली पडला आणि कुणी नावानं हाक मारल्यासारखा दिवाणखाना ओलांडून समोरच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. मी हसण्यावारी नेलं. सासूबाईंनी मोबाइलवर होकायंत्र उघडलं. कोपरा ईशान्येचा निघाला.

"ईशान्येला उतार! अहो जावईबापू, फार शुभ. पुण्यात लोक पैसे मोजून करून घेतात."

मलाही बरं वाटलं. शुभ गोष्टीला दुरुस्तीचा खर्च नसतो.

जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली गेला आणि पुढचं दार उघडेना. तेव्हा मी सगळा दोष थंडीवर टाकला. तो अर्धाच खरा होता. इथली जमीन दीड-दोन मीटर खोल गोठते, पण तळघराचा पाया त्याहून खाली असतो आणि घरातली ऊब भोवतालची माती फारशी गोठू देत नाही. गोठलेली जमीन वर उचलते ती उथळ पायाच्या वस्तूंना: पायऱ्या, ओटे, गॅरेजची फरशी. आमच्या पायऱ्या वर आल्या होत्या आणि बाहेर उघडणारं जाळीचं दार त्यांना अडत होतं. पायऱ्या वर, घर खाली, मधे मी. पाहुण्यांना आम्ही मागच्या दारानं आत घ्यायचो. आमच्यात तशी पद्धत आहे, असं मी सांगत असे.

शेजारी युक्रेनी वंशाचे एक आजोबा राहतात. त्यांनी मला धीर देण्यासाठी ट्रान्सकोनाच्या कोठाराची गोष्ट सांगितली. शहराच्या कडेला रेल्वेनं धान्याचं भलंमोठं काँक्रीटचं कोठार बांधलं. 18 ऑक्टोबर 1913 रोजी, नव्यानं धान्य भरत असताना, ते खचायला लागलं आणि एका दिवसात जवळपास 27 अंश कललं. खालच्या चिकणमातीला ओझं पेललं नव्हतं. कोठार मात्र फुटलं नाही. मग लोकांनी खाली खडकापर्यंत खांब उतरवले, जॅक लावले आणि ते सरळ केलं. पुढे त्यात पुन्हा धान्य भरलं गेलं.

आजोबांना एवढंच सुचवायचं होतं की इथं सगळ्यांचंच खचतं. मी त्यातून वेगळाच अर्थ काढला. एवढं कोठार सरळ होतं, तर माझं घर काय चीज आहे!

इथल्या तळघरांत मधल्या तुळईखाली लोखंडी खांब असतात. त्यांना टेलिपोस्ट म्हणतात. खांबाला स्क्रू असतो. घर हललं की तो थोडा फिरवून तुळई समपातळीत आणायची. हा 'थोडा' म्हणजे पाव फेरा. मग काही आठवडे थांबायचं, भिंतींकडे लक्ष ठेवायचं, मग पुन्हा पाव फेरा. लाकूड आणि प्लास्टर यांना घाई सोसत नाही. पण ओव्हरसियरच्या मुलाला पाव फेरा कमीपणाचा वाटला. मी मोठा पाना आणला, बाह्या सरसावल्या आणि पहिल्याच खांबाला पुरते फेरे दिले. वरून कडाड असा आवाज आला. घर जागेवर बसतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या खांबाकडे वळलो.

वर न्हाणीघराची चौकट तिरकी होऊन दार पक्कं बसलं होतं. आत सासूबाई होत्या.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर छतापासून ओट्यापर्यंत भेग. बायको तळघराच्या जिन्यात उभी. तिनं एक शब्दही उच्चारला नाही, तरी मला सगळं ऐकू आलं. मी खांब उलटा फिरवायला गेलो, तर वरचा भार आता पूर्ण त्याच्यावर आलेला, पाना हलेना. शेवटी आजोबा आले, दाराच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या काढल्या आणि सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि मुलीला विचारलं, "यांनी अजून कशाकशाला हात लावलाय?"

उन्हाळ्यात आजोबांनी दुसरा उपाय सांगितला. माती आकसू नये म्हणून कोरड्या दिवसांत घराभोवती, भिंतीपासून जरा अंतर ठेवून, झिरपणारा पाइप अंथरायचा आणि पाणी सोडायचं. मी पाइप अंथरला आणि कौतुकानं अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिकडे त्या दिवशी टँकर आला नव्हता.

"भिताडाला पाणी घालालास?" अण्णा म्हणाले. "उगवणार हाय का ते?" मग बराच वेळ पडद्यावर नुसतं कपाळ दिसत राहिलं. "मुरूम कितीवर हाय म्हणालास?"

मी म्हटलं, मुरूम नाही, खडक आहे. खूप खाली.

"मग खालपर्यंत जा," म्हणाले आणि फोन ठेवला.

खालपर्यंत जायला कंत्राटदार लागतो, अभियंत्याचा नकाशा आणि महापालिकेचा परवाना लागतो. घराचा विमा असतो, पण हळूहळू खचणं त्यात धरत नाहीत. वर्षानुवर्षं हप्ते भरून झाल्यावर मी हे कलम पहिल्यांदा वाचलं. कोपऱ्याशी खड्डा खणून पायाला लोखंडी ब्रॅकेट बसवले, हायड्रॉलिक जॅकनं पोलादी नळ्या घट्ट थर लागेपर्यंत खाली दाबल्या आणि घराचा भार त्यांच्यावर टेकवला. चारी बाजूंना हे करावं, असं अभियंत्याचं म्हणणं होतं. चारी बाजूंचा आकडा पाहून मी म्हटलं, खचलेला कोपरा तेवढा करा.

आता ईशान्य कोपरा जगबुडी आली तरी हलणार नाही. उरलेलं घर मात्र अजून चिकणमातीवर आहे आणि ते पूर्वीसारखंच हलतं. अर्धवट पाया धरला की असं होतं, हे अभियंत्यानं लेखी दिलं होतं. माझी त्यावर सही आहे. यंदाच्या दिवाळीत लाडू नैऋत्येला गेला. सासूबाईंनी होकायंत्र काढलं, पाहिलं आणि काही न बोलता परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं.

घर विकायला काढलं आहे. तीन खोल्या, मोठा ओटा, दोन गाड्यांचं गॅरेज, समोर सावली. येताना मागच्या दारानं यावं. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी कृपया चौकशी करू नये.