पोटरीचे दप्तर

महसूल खात्यात सारी हयात घालवून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेली, आणि मुलीच्या वा सुनेच्या बाळंतपणाचे निमित्त होताच अमेरिकेची वारी करणारी जी एक जमात पुण्याच्या पेठांतून उठून कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांत स्थिरावली आहे, तिचे आमच्या इमारतीतील अधिकृत प्रतिनिधी म्हणजे भाऊसाहेब. या जमातीचा मनुष्य ग्रहणावर विश्वास ठेवतो तो पंचांग छापील असते म्हणून, आणि डॉक्टरांवर ठेवतो तो चिठ्ठीवर सही-शिक्का असतो म्हणून. दुधाचा हिशेब, पाण्याच्या टँकरची वेळ, जिन्यातला दिवा कोणत्या तारखेस गेला आणि कोणाच्या हयगयीमुळे परत लागला नाही, या सर्वांच्या नोंदी त्याच्याकडे तारीखवार असतात. ऐन श्रावणात ओल्या पायरीवरून घसरून भाऊसाहेबांचा उजवा घोटा मोडला, तेव्हा त्यांच्या मुखातून जे पहिले वाक्य बाहेर पडले ते वेदनेचे नव्हते; सदर पायरीच्या दुरुस्तीबाबतचा आपला अर्ज कमिटीकडे कधीपासून पडून आहे, याचे ते स्मरणपत्र होते.

पायाला गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर चढले आणि तीन आठवड्यांनी नेवार्कचे विमान होते. प्रवास लांबणीवर टाकता आला तर उत्तम, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. परंतु कन्येच्या प्रसूतीची तारीख तहकूब करण्याचा अधिकार कोणत्याच खात्याकडे नसल्यामुळे तो मार्ग खुंटला. मग डॉक्टरांनी रक्ताच्या गुठळीचे प्रकरण उलगडून सांगितले. पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम मुख्यत्वे पोटरीचा स्नायू करतो. मनुष्य तासन् तास बसून राहिला की तो स्नायूही स्वस्थ बसतो, खोल शिरांतील रक्त संथ होते, गोठते, आणि त्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकला तर प्रसंग प्राणावर बेततो. फिर्को नामक जर्मन शास्त्रज्ञाने 1856 सालच्या सुमारास या व्याधीची जी मीमांसा केली, तिच्यावरून पुढे तीन कारणांची एक मालिकाच रूढ झाली: रक्त साचणे, रक्तवाहिनीच्या भिंतीस इजा होणे, आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. भाऊसाहेबांनी ती तिन्ही कलमे उतरून घेतली, प्लास्टर आणि विमान पहिल्यात बसवले, मोडलेला घोटा दुसऱ्यात, दुखापतीने चेकाळलेले रक्त तिसऱ्यात, आणि चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, “म्हणजे आमच्या एकाच पायावर तिन्ही कलमे लागू!” आपल्या बाजूने इतका पक्का खटला उभा राहिल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले.

त्यानंतर त्यांनी पूर्वीची नजीर मागितली. ती देण्यास डॉक्टर समर्थ होते. 1940 साली लंडनवर बाँबवर्षाव होत असता तळघरांतून आरामखुर्च्यांवर रात्री काढणाऱ्या माणसांत फुप्फुसात गुठळी अडकून मृत्यू होऊ लागले. खुर्चीची आडवी दांडी मांडीखाली रुतून रक्त अडत असावे, असा तर्क तेव्हा वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. दुसरी नजीर मी पुरवली. 1974 च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन डाव्या पायाच्या शिरेचा दाह झाला असता, वैद्यांचा विरोध डावलून मध्यपूर्वेच्या दौऱ्यावर गेले आणि शरद ऋतूत शस्त्रक्रियेच्या मेजावर पोहोचले. “त्यांची रजा सक्तीने मंजूर करणारा वरिष्ठ नव्हता,” एवढाच अभिप्राय भाऊसाहेबांनी नोंदवला.

दुखावलेल्या माणसाकडे आपल्या समाजात सल्ल्यांची जी आवक होते तिला बाजारपेठेचा कोणताच नियम लागू नसतो. सकाळच्या फिरण्यातील एका स्नेह्यांनी ॲस्पिरिनची अर्धी गोळी सुचवली. वस्तुतः प्रवासातील गुठळी टाळण्यासाठी म्हणून ॲस्पिरिन घेण्याची शिफारस तज्ज्ञ करीत नाहीत. दुसऱ्यांनी झोपेची गोळी सुचवली, “डोळे मिटा ते नेवार्कला उघडा” अशा शब्दांत, म्हणजे ज्या निश्चलतेचे भय तिचीच मात्रा. तळमजल्यावरच्या काकू महानारायण तेलाची बाटली घेऊन पोटरी चोळून द्यायला स्वतः आल्या. पोटरी सुजून दुखत असेल आणि आत गुठळीचा संशय असेल, तर ती चोळणे हा गुठळीला बाहेरचा रस्ता दाखवण्याचा प्रकार होय, हे त्या माउलीला कोण सांगणार? भाऊसाहेबांनी या सर्वांवर एकच अक्सीर उपाय योजला. प्रत्येकाचे म्हणणे ते शांतपणे ऐकून घेत आणि कोरा कागद पुढे सरकवून म्हणत, “एवढे लेखी देता का? खाली सही आणि तारीख.” दोन दिवसांत दारावरची वर्दळ ओसरली.

अपवाद जागतिक आरोग्य संघटनेचा. तिने लेखी दिले होते. तिच्या 2007 सालच्या अहवालाप्रमाणे चार तासांहून लांबच्या प्रवासाने गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो, तथापि निरोगी प्रवाशांत तो साधारण 6,000 त एक इतकाच असतो. हा आकडा ऐकून जावईबापूंनी फोनवर सुटकेचा निःश्वास टाकला. “निरोगी,” भाऊसाहेबांनी तो शब्द अधोरेखित केला. “त्या सहा हजारांत प्लास्टरवाले किती, ते त्यांनी दिलेले नाही.” मला वाटते, आकडेवारी इतक्या बारकाईने वाचणारा मनुष्य अर्थखात्यात असता तर बरे झाले असते.

मग बंदोबस्त सुरू झाला. डॉक्टरांनी वजन, मूत्रपिंडाचे काम आणि पूर्वीच्या रक्तस्रावाची हकीकत तपासून प्रवासापुरते रक्त पातळ ठेवणारे, पोटावर टोचण्याचे इंजेक्शन ठरवून दिले. (“दुखापत पायाला, दाद पोटाकडे, आमच्या खात्यात हेच चालत असे.”) सशक्त पायासाठी दाब देणारा मोजा घेतला, घोट्याशी पाऱ्याच्या 15 ते 30 मिलिमीटर दाबाचा, त्याचे माप सूज चढण्यापूर्वी, सकाळी, टेप लावून घ्यायचे असते. ते माप वहिनींकडून तीनदा घेववून, तिन्ही वेळा एकच आल्यावर भाऊसाहेबांनी मंजूर केले. विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म आला त्या दिवशी तर घरात दिवाळी होती. ताज्या प्लास्टरवर लांबचा प्रवास करण्यापूर्वी साधारण 48 तास जाऊ द्यावे लागतात, कारण पाय आतून सुजतो आणि त्याला फुगायला जागा उरत नाही. ती मुदत केव्हाच उलटली असूनही त्यांनी तिचा दाखला स्वतंत्र कागदावर जोडला.

एक पराभव मात्र त्यांना पत्करावा लागला. पाय पसरायला ऐसपैस म्हणून त्यांनी संकटकालीन दरवाजाजवळचे आसन मागितले होते. परंतु ज्याने वेळ आल्यास दरवाजा उघडून इतरांना बाहेर काढायचे, ते आसन कुबड्यावाल्यास देण्याचा नियम नाही. नियम दाखवताच भाऊसाहेब तत्काळ निरुत्तर झाले, इतकेच नव्हे तर प्रसन्न झाले, आणि वाटेलगतचे आसन घेतले.

विमानातील पंधरा-सोळा तासांचा वृत्तांत वहिनींनी सांगितला. आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी शौचालयाची यातायात नको म्हणून विमानात पाण्याला शिवत नाहीत; भाऊसाहेबांनी नेमके उलट केले. पाण्याने रक्त किती पातळ राहते कोण जाणे, पण पाणी प्यालेला मनुष्य उठतो आणि उठलेला मनुष्य चालतो, एवढे निश्चित. दर तासाला गजर होई. डावा घोटा वर-खाली, प्लास्टरमधील बोटांची हालचाल, मांडी आवळून सोडणे, आणि शक्य तेव्हा कुबड्या घेऊन वाटेतून एक फेरी. वहीत प्रत्येक बाबीसमोर वेळ व खूण, शेवटच्या रकान्यात वहिनींची सही. हवाई सुंदरीने वाइन पुढे केली तेव्हा “वैद्यकीय कारणास्तव नामंजूर” असे मराठीतच ठणकावले. मध्यरात्री साऱ्या विमानात अंधार असता हा मनुष्य ठक्‌ठक् करीत फेरी घालतो आहे, हे पाहून मागच्या रांगेतील एका गुजराती सद्गृहस्थांना काय वाटले असेल ते असो. पण दोन फेऱ्यांनंतर तेही मागोमाग चालू लागले.

गुठळीचा धोका प्रवासानंतरही काही आठवडे राहतो, हे डॉक्टरांनी बजावले असल्याने वही नेवार्कला उतरल्यावर बंद झाली नाही. एका पायाला सूज, वेदना, ऊब वा लाली; छातीत कळ, धाप, थुंकीत रक्त: यांपैकी काहीही दिसताच रुग्णालय गाठावे, हा मजकूर इंग्रजीत टाइप होऊन जावयाच्या घरच्या फ्रिजवर लागला. पायाला काही झाले नाही. नात झाली. प्लास्टर निघाले. मोकळे होताच भाऊसाहेबांची नजर घरात फिरू लागली आणि संगणकापुढे सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत न हलणाऱ्या जावईबापूंवर येऊन स्थिरावली. गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला, त्यात ती कुजबुजत म्हणत होती, “बाबांनी ह्यांच्या नावाने नवी वही घातली आहे, आणि आज पहिला मेमो दिला.”