शोधा म्हणजे गोठेल

आमच्या एडिटरमध्ये ‘फाइंड’ची चौकट उघडली की ती नेमकी सापडलेल्या शब्दावरच येऊन बसते. एवढा अचूक नेम चुकून लागत नाही, त्यामागे कुणाची तरी तपश्चर्या असणार.

‘कर्जमाफी’ शोधायला ‘क’ दाबावा, तर स्वारी ‘क’ घेऊनच सुटते. जाडजूड फाइलमधला प्रत्येक ‘क’ पिवळा होईपर्यंत पडदा गोठतो. उरलेली ‘र्जमाफी’ आपण मनात टाइप करायची. रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी १९७७ सालीच रीत छापून ठेवली आहे: शब्द शेवटच्या अक्षराकडून ताडायचा आणि जुळला नाही की मधली अक्षरं न वाचताच पुढे उडी मारायची. शब्द जितका लांब, तितकी उडी मोठी. पण आमच्या एडिटरला पूर्ण शब्द ऐकून घेण्याइतका धीर कुठला!

मराठीची तऱ्हा तर विचारूच नका. ‘दऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तावाल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य सांधा वापरून. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही, एडिटरला मात्र ओळख पटत नाही. शब्द समोर ढळढळीत दिसत असताना तो सांगतो, ‘० निकाल’. ‘सगळे बदला’ हे बटण तेवढं विजेच्या वेगाने चालतं, विशेषतः आपण ते चुकून दाबलं तर.

एडिटर बनवणाऱ्यांनो, नव्या रंगसंगती पुढच्या वर्षी आल्या तरी चालतील. आधी दोन्ही र एकच मानायला शिकवा.