गरीब मासा पाहिजे

न्यू जर्सीतल्या आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. 75 गॅलन, म्हणजे सुमारे 285 लिटर. टाकीत प्रवाळ आहे आणि त्यामुळे नवऱ्याच्या लेखी माशांच्या दोनच जाती उरल्या आहेत, रीफ-सेफ आणि बाकीचे. हल्ली तो पाहुण्यांकडेही त्याच नजरेनं बघतो, पण ते असो.

रीफ-सेफ म्हणजे प्रवाळाला तोंड न लावणारा मासा. ऐकायला सोपं आहे. पण दुकानात गेलं की जो मासा डोळ्यांत भरतो तो हमखास तोंडाचा वाईट निघतो. बटरफ्लायफिश बघून जीव हरखतो, तर त्याच्या कितीतरी जाती प्रवाळाचे पॉलिप टिपूनच जगतात. पॅरटफिश चोचीनं खडक खरवडतो आणि मागून वाळू टाकत जातो. क्लाउन ट्रिगरफिशच्या काळ्या अंगावर पोटाशी टपोरे पांढरे ठिपके आणि तोंडाला पिवळी लिपस्टिक. हे ध्यान कोळंबी, खेकडे, शंख दातांनी फोडून खातं, म्हणजे टाकी साफ ठेवायला आणलेली मंडळी पहिल्या आठवड्यातच खलास.

मग नवरा तक्ते काढून बसतो. त्यांत प्रत्येक माशापुढे शेरा असतो, ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘सावधगिरीनं’. हा तिसरा शेरा म्हणजे स्थळ सांगणाऱ्या मावशींचं ‘मुलगा जरा मनस्वी आहे हो’. मावशी खोटं बोलत नाहीत, पण नंतर त्यांचा फोनही लागत नाही.

बरं, ‘हो’ म्हटलं तरी त्यात गोम असतेच. लायनफिश प्रवाळाकडे ढुंकूनही बघत नाही. त्या हिशेबानं तो साधुपुरुष. फक्त तोंडात मावेल तो प्रत्येक मासा आणि प्रत्येक कोळंबी तो गिळतो, आणि पाठीचे काटे विषारी. मँडरिनफिशचं उलटं. इतका गरीब मासा शोधून सापडायचा नाही. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, चाल संथ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, वेचत असतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात, आणि दुकानातलं गोठवलेलं खाणं बऱ्याचदा त्याला चालत नाही. रीफला त्याच्यापासून काही धोका नाही. त्यालाच रीफमध्ये उपाशी मरायची वेळ येते.

आमच्याकडे आली ती कोरल ब्यूटी, एंजलफिशमधली बुटकी जात. अंग जांभळं, कुशी नारिंगी, शेरा ‘सावधगिरीनं’. दुकानदार म्हणाला, “माझ्या घरच्या टाकीत दोन वर्षं आहे, कध्धी त्रास नाही.” (तीच द्या म्हणायला हवं होतं.) पहिले दहा-बारा दिवस ती खडकावरचं शेवाळ खात होती. मग एका संध्याकाळी मी चहा घेऊन टाकीसमोर बसले होते. आमच्याकडे ‘ओपन ब्रेन’ नावाचं प्रवाळ आहे, खाली पांढरा सांगाडा आणि वर झालरीसारखं फुगलेलं हिरवं-गुलाबी मांस. बाईसाहेब खडक टिपत टिपत त्याच्यापाशी आल्या. थांबल्या. अंग तिरकं करून एक डोळा माझ्याकडे लावला आणि झालरीला एक चिमटा घेतला. झालर सर्रकन आत ओढली गेली आणि सांगाड्याची पांढरी कड उघडी पडली. त्या दोन इंच पुढे सरकून पुन्हा खडक टिपू लागल्या.

“शेवाळच खातेय गं ती,” नवरा म्हणाला.

शेवाळ खाता खाता तिनं आठवडाभरात झालरीची एक बाजू साफ केली, तेव्हा तिला काढायचं ठरलं. रीफमध्ये मासा सोडायला दहा मिनिटं लागतात, काढायला मात्र सगळे खडक उपसावे लागतात. आधी सापळा लावून पाहिला. त्यात तिच्याखेरीज सगळे येऊन जेवून गेले. एक क्लाउनफिश तर तिथंच मुक्कामाला राहिला. शेवटी शनिवारी बादल्या मांडून एकेक दगड बाहेर काढला, तेव्हा कुठे ती जाळ्यात आली. दुकानदारानं अर्ध्या किमतीत परत घेतली आणि आमच्यादेखतच पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “गरीब आहे.”

त्याच सुमारास मालवणहून मामा आला. त्याला दिलेल्या बाथरूममध्ये एक फायरफिश आधीच राहत होता. नवा मासा चारेक आठवडे वेगळा ठेवावा लागतो, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घेऊन आला तर त्यावरचं तांब्याचं औषध रीफच्या टाकीत घालता येत नाही. माशाला बरं करणारं तांबं कोळंबी आणि प्रवाळाचा जीव घेतं. मामानं तक्रार केली नाही. “दाढी करताना सोबत जाता,” म्हणाला.

पण दिवाणखान्यातली टाकी बघून तो चपापला. “अगो, आमच्याकडे ह्येका हात लावलो तर आत टाकतीत!” खरंच आहे. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि टणक प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आमचं प्रवाळ शेतीतलं, पावतीचं, हे मामाला पटवायला एक अख्खा दिवस गेला.

मुलीला डोरी हवी होती. 2003 च्या ‘फाइंडिंग निमो’ सिनेमानं जगभरातल्या आईबापांना कामाला लावलंय. डोरी म्हणजे रॉयल ब्लू टँग. तो प्रवाळाला त्रास देत नाही हे कबूल, पण वाढतो फूटभर आणि त्याला लांबलचक पोहायला लागतं. नवरा मोठ्या टाकीचं माप घ्यायला उठला, तेव्हा मी टेप लपवून ठेवली.

राहिला निमो, म्हणजे क्लाउनफिश, सगळ्या तक्त्यांत निर्विवाद ‘हो’. आमच्या टाकीत समुद्रफूल नाही, म्हणून क्लाउनफिशच्या जोडीनं हॅमर प्रवाळालाच घर मानलंय. दिवसभर त्यात अंग घुसळतात. प्रवाळ बिचारं फुलायचंच बंद झालं. चावत नाहीत, खात नाहीत, नुसता लळा लावतात. ह्याला कुठल्याच तक्त्यात शेरा नाही.

कुणाला हा नाद लागलाच, तर मासा घेण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. पूर्ण वाढ किती होते ते विचारा. फायरफिश घेणार असाल तर टाकीवर जाळीचं झाकण हवंच, नाहीतर सकाळी तो गालिच्यावर सापडेल. भांडखोर मासा सगळ्यांत शेवटी सोडा. आणि भारतात असाल तर टणक प्रवाळाच्या वाटेला जाऊच नका, नुसते मासे आणि दगड ठेवा. कायदा मोडत नाही, आणि कोरल ब्यूटीही बिनघोर पाळता येते.